निकेलवर उतरण्याआधी

दिवेआगरात राहून मी डीव्हीडीचे मास्टर तयार करायचे, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. इथं सुपारी पिकते, नारळ पिकतो, थंडीत पर्यटकांचा हंगाम पिकतो. डीव्हीडीचं इथं काय काम? पण काम होतं. लग्नाआधी मी दादरच्या एका स्टुडिओत डीव्हीडी ऑथरिंग करत होते. नाटकाचं किंवा सिनेमाचं एडिटिंग पूर्ण झालं की ते डिस्कच्या नियमांत बसवायचं, मेनू करायचे, उपशीर्षकं चढवायची आणि छापायला जाईल असा मास्टर काढून द्यायचा, हे ते काम. लग्न ठरलं तेव्हा नोकरी सुटणार असं मी धरूनच चालले होते. मालक म्हणाले, "मशीन घेऊन जा. मराठी नाटकं इतकी आहेत की तुझ्याशिवाय उरकणार नाहीत."

त्यांचं खरं होतं. त्याच सुमारास, २००७च्या आसपास, मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली होती, आणि तोवर चैनीची वाटणारी डिस्क किराणामालाच्या दुकानातही टांगलेली दिसू लागली होती. जुनी गाजलेली नाटकं पुन्हा चित्रित होत होती, संगीत नाटकांचे संच निघत होते, कीर्तनं आणि गाण्यांचे कार्यक्रमही डिस्कवर येत होते. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येताना पेढ्यांच्या खोक्यासोबत दोन-चार डिस्क आणायचा. त्यातल्या काही डिस्क आमच्याच माजघरात तयार झाल्या होत्या, हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

डिस्क दोन रीतींनी तयार होते, आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. स्टुडिओच्या भाषेत पहिली रीत म्हणजे कॉपी मारणं. कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची, लेसर तिच्यातल्या रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो. पन्नास प्रती हव्या असतील तर पन्नास वेळा हेच. एखादी प्रत बिघडली तर टाकून द्या आणि दुसरी मारा.

दुसरी रीत छापण्याची, म्हणजे रेप्लिकेशनची. ती हजार प्रतींपासून पुढच्या कामाला परवडते. मी प्रथम कारखाना पाहिला तेव्हा पांढरा डगला, डोक्याला टोपी आणि बुटांवर पिशव्या चढवून आम्हाला आत सोडलं होतं. आतला उजेड पिवळा, कारण काचेवर चढवलेलं रसायन निळ्या प्रकाशाने खराब होतं. सहा मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत घासलेली काच. तिच्यावर त्या रसायनाचा केसाहून कितीतरी पातळ थर. लेसर त्या थरावर मास्टरमधली माहिती लिहितो. मग ती काच धुतली की लिहिलेल्या जागी खड्डे उरतात. काचेवर धातूचा मुलामा देऊन ती निकेलच्या हौदात सोडतात आणि तिच्यावर निकेल चढू देतात. निकेलचा तो पत्रा सोलून काढला की काचेवर जिथं खड्डा होता तिथं पत्र्यावर उंचवटा येतो. पेढ्याचे मोदक करायच्या साच्यात कळ्या उलट्या कोरलेल्या असतात तसंच. हा साचा म्हणजे स्टॅम्पर. पुढं वितळलेलं पॉलिकार्बोनेट त्याच्यावर दाबलं जातं आणि तीन-चार सेकंदाला एक डिस्क बाहेर पडते. डीव्हीडी तर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून होते. या चकतीवर माहितीच्या दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, आणि सगळ्यांत छोटा खड्डा ०.४ मायक्रॉनचा.

त्या दिवशी मला यंत्रांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती बसली. निकेलच्या पत्र्यावर खोडरबर चालत नाही. मी दिलेल्या मास्टरमध्ये मेनूवरचं एक बटण चुकीकडे नेत असेल, तर ते हजारही प्रतींमध्ये तितक्याच इमानाने चुकीकडे नेणार. कारखाना चूक करत नाही आणि चूक दुरुस्तही करत नाही, तो फक्त छापतो. म्हणजे जे काही ठरवायचं, तपासायचं, शंका घ्यायची, ती निकेलवर उतरण्याआधी. माझं सगळं काम या एका वाक्यात बसतं.

पहिलं ठरवायचं ते जागेचं. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी माहिती मावते, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा ४.७ अब्ज बाइटचा. कॉम्प्युटर त्यालाच ४.३७ म्हणून दाखवतो. यावरून निर्मात्यांशी वाद ठरलेला. "अजून तीनशे एमबी शिल्लक आहेत की, माझी मुलाखत बसवा." मग त्यांना कागदावर मांडून दाखवायचं. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. अडीच तासांचं नाटक म्हणजे ९,००० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला जेमतेम ४२ लाख बिट येतात. त्यातून आवाजाचे अडीच लाख गेले, मेनू गेले, काठाला थोडी मोकळी जागा सोडली की चित्राच्या वाट्याला सरासरी ३७ लाख. नियमाप्रमाणे चित्राला ९८ लाखांपर्यंत जाता येतं, पण तसं सढळ हाताने खर्च केलं तर नाटक पहिल्या अंकातच संपेल.

आणि नाटक हा त्या दृष्टीने फार खर्चिक प्रकार. लोकांना वाटतं, रंगमंचावर एक दिवाणखाना आणि चार माणसं, त्यात काय? पण नाटकात अंधार असतो. प्रवेश संपताना प्रकाश हळूहळू मंदावतो. डीव्हीडीचं चित्र साठवायची पद्धत अशी की चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि आधीच्या चित्राशी ताडून जेवढं बदललं तेवढंच लिहायचं. भिंत तशीच उभी असेल तर खर्च शून्याजवळ. प्रकाश मंदावायला लागला की प्रत्येक चौकोन प्रत्येक क्षणी बदलतो. लिहायला बिट अपुरे पडतात, आणि नायिका खिडकीशी एकटी उभी असताना तिच्यामागच्या काळोखात चौकटी नाचायला लागतात. त्यात कमी उजेडात कॅमेऱ्याने स्वतःहून पाडलेले दाणे. दाणे प्रत्येक चित्रात वेगळे, म्हणजे यंत्राच्या लेखी तोही बदलच. म्हणून मी आधी सगळे अंधार शोधून काढायची. काळ्या पडद्यावरचे दाणे पुसून तो निखळ काळा करायचा, चर्चेच्या संथ प्रवेशांतले बिट वाचवायचे आणि ते प्रकाश मावळताना द्यायचे. प्रेक्षकाला यातलं काहीच कळत नाही. कळलं नाही म्हणजे काम जमलं.

निर्माता थोडा खर्च करायला तयार असेल तर दोनपदरी डिस्क, आमच्या बोलीत 'नाइन'. तिच्यावर ८.५ अब्ज बाइट मावतात. लेसर पहिला पदर आतून बाहेर वाचत जातो, काठाशी पोचला की नजर खोल लावून दुसरा पदर बाहेरून आत वाचत येतो. ती नजर बदलताना चित्र क्षणभर अडखळतं. साध्या प्लेअरवर हे हमखास दिसायचं, आणि ते नेमकं एखाद्या वाक्याच्या मध्ये आलं तर घात. सिनेमात अशी जागा शोधावी लागते. नाटकाने ती आयतीच दिलेली आहे: मध्यंतर. पहिल्या अंकाचा पडदा पडला, टाळ्या विरल्या, तिथं पदर बदलायचा.

पण एक अट आडवी येते. दुसरा पदर बाहेरून परत येणारा, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा लांब असून चालत नाही. पहिला अंक मोठा आणि दुसरा छोटा असेल तर प्रश्नच नाही. उलटं असलं की लोक हात टेकायचे आणि मग पदर भलत्याच जागी तोडायचे. त्यावरचा तोडगा मला दादरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवला होता. कलाकारांच्या मुलाखती, तालमीची दृश्यं वगैरे जे जास्तीचं साहित्य असतं, ते डिस्कवर नाटकाच्या आधी ठेवायचं. मेनूत ते शेवटी दिसलं तरी हरकत नाही. डिस्कवरची जागा आणि मेनूवरची जागा यांचा संबंध नसतो. मुलाखतींनी पहिला पदर भरून निघतो आणि मध्यंतर बरोबर काठावर येऊन बसतं. पदर नेमका कुठं तुटला हे घरच्या प्रेक्षकाला कळत नाही, तेव्हा मला आजही मनातून बरं वाटतं.

उपशीर्षकांच्या आणि मेनूच्या बाबतीत मात्र दादरच्या वेळी झालेलं शिक्षण पुरलं नाही. इंग्रजी अक्षरं बसवायचे सगळे नियम तयार होते, देवनागरीचे कुणी केलेलेच नव्हते. त्या काळच्या टीव्हीवर चित्राच्या ओळी एकाआड एक दाखवल्या जायच्या. आधी विषम, मग सम. एखादी आडवी रेघ एकाच ओळीइतकी बारीक असेल तर ती सेकंदात पंचवीस वेळा दिसायची आणि पंचवीस वेळा नाहीशी व्हायची. इंग्रजी मजकुरात अशा रेघा तुटक असतात. आपल्याकडं शब्दभर शिरोरेषा! कॉम्प्युटरवर सुबक दिसणारा मेनू टीव्हीवर नेला की सगळ्या शब्दांची डोकी लुकलुकायची. अक्षर जाड केलं तर 'ष' आणि 'क्ष' यांची पोटं बुजायची. शेवटी मी शिरोरेषा तेवढी वेगळी जाड करायला लागले, किमान तीन ओळींची, आणि तिच्या वरच्या-खालच्या कडा किंचित पुसट ठेवायला लागले. मग लुकलुक थांबली.

उपशीर्षकं तर आणखी हट्टी. डीव्हीडीत उपशीर्षक हे अक्षर म्हणून साठवतच नाहीत, ते चित्र असतं, आणि त्या चित्राला एका वेळी चारच रंग. अक्षराची गोलाई गुळगुळीत दिसायला ज्या मधल्या छटा लागतात त्यांना जागाच नाही. रफार, रुकार, पायमोडकी अक्षरं तुटल्यासारखी दिसत. शिवाय ऑथरिंगच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडाक्षरं जमत नसत. वेलांटी व्यंजनाच्या पुढे जायची की मागे, याचा त्याला पत्ता नसे. म्हणून मजकूर श्रीलिपीत टाइप करायचा, प्रत्येक वाक्याचं चित्र काढायचं आणि ती चित्रं एकेक करून वेळेवर बसवायची. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांकडून नाटकांना मागणी असायची, तिथल्या मुलांसाठी इंग्रजी उपशीर्षकं मात्र पटकन व्हायची. त्या मागणीमुळे आणखी एक निर्णय घ्यावा लागे. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, त्यांचा एनटीएससी. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवत, तिकडचे पाल डिस्कला नकार देत. हजार प्रतींचा एकच छापा परवडत असेल तर कुणाच्या घरचा टीव्ही धरायचा? अनेक निर्माते एनटीएससी धरत आणि विभागाचं कुलूप, म्हणजे रीजन कोड, उघडंच ठेवत.

हे सगळं झाल्यावर तपासणी, आणि तपासणीची माझी मोठी अधिकारी म्हणजे माझ्या सासूबाई. स्टुडिओतल्या महागड्या मॉनिटरवर सगळंच चांगलं दिसतं. आमच्या घरात जुना फुगीर काचेचा टीव्ही होता, त्याच्या कडेचा काही भाग लाकडी चौकटीआड जायचा, आणि प्लेअर बोर्ली पंचतनच्या बाजारातून आणलेला, कोणत्या कंपनीचा ते त्याच्यावर लिहिलेलंच नव्हतं. मी चाचणीची प्रत त्याच्यात घालून रिमोट सासूबाईंच्या हातात द्यायची आणि तोंड बंद ठेवायची.

"अगं, हे सुरू कुठून करायचं?"

"आई, मधलं बटण."

"मधलं म्हणजे कुठलं? इथं सगळीच मधली आहेत."

त्यांचा अंगठा ज्या बटणावर पडेल ते दाबून पुढं काय होतं, हीच परीक्षा. मेनूवरच्या प्रत्येक बटणाला चार दिशा असतात. वरची खूण दाबली तर कुठं जायचं, डावी दाबली तर कुठं, हे एकेक सांगून ठेवावं लागतं. जाणकार माणूस सरळ वाटेने जातो, म्हणून त्याच्याकडून काही कळत नाही. सासूबाई आडवाटेने जायच्या. निवडलेल्या बटणाचा रंग पिवळा केला तर त्यांना तो दिसायचा नाही, कारण नाटकाच्या पोस्टरचा रंगही पिवळाच असायचा. त्यांच्यामुळे मी पहिल्याच पडद्यावर 'नाटक सुरू करा' हे बटण सगळ्यांत मोठं आणि आपोआप निवडलेलं ठेवायला लागले. डोळे मिटून कुठलंही मोठं बटण दाबलं तरी नाटक सुरू झालं पाहिजे. डिस्क विकत घेणाऱ्यांत सासूबाईंच्या वयाची माणसंच अधिक असत. त्यांना चॅप्टर नको होते, नाटक हवं होतं.

त्यांच्यानंतर ती प्रत गावात फिरायची. शेजारच्या खानावळीत, शाळेच्या शिक्षकांकडं, किनाऱ्याजवळच्या एका टपरीत, जिथं दिवसभर गाण्यांच्या डिस्क वाजायच्या. प्रत्येकाकडं प्लेअर निराळा. मला पुढं कधीच न भेटणाऱ्या घरांत, मी कधी न पाहिलेल्या यंत्रांवर हे चालायचं होतं. त्यांतली निदान पाच-सहा यंत्रं आधी धुंडाळून घ्यावीत, एवढाच त्यामागचा हिशेब.

गावात राहून हे काम करण्याच्या अडचणी सांगायच्या तर पहिली विजेची. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत मशीन सलग रात्रभर चालेल याची खात्री नव्हती. अडीच तासांचं नाटक चांगल्या दर्जात बसवायला यंत्र ते दोनदा वाचतं, आधी मोजायला आणि मग लिहायला. त्या काळच्या मशीनला रात्र अपुरी पडायची. इन्व्हर्टर तेवढा टिकायचा नाही. मग मी नाटक प्रवेशाप्रवेशांत तोडून एकेक प्रवेश स्वतंत्र बसवू लागले आणि सांधे अंधारात ठेवू लागले. वीज गेली तर एकच प्रवेश वाया जायचा. मुंबईला गेल्यावर स्टुडिओतल्या मुलांना ही पद्धत सांगितली तेव्हा त्यांनाही आवडली, कारण निर्मात्याने ऐन वेळी एका प्रवेशात बदल सुचवला तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

दुसरी अडचण हवेची. आषाढ-श्रावणात दिवेआगरात भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरं येतं. चित्रीकरणाच्या मिनी डीव्ही टेपला बुरशी धरली की चित्र गेलं. मी टेपच्या कपाटात एक साठ वॉटचा दिवा सदा जळता ठेवायची. अण्णा, म्हणजे सासरे, येता-जाता विचारायचे, "तुझी अंडी उबली का?"

आणि तिसरी वाटेची. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिटचं. त्यावरून एक डीव्हीडी पाठवायची तर अखंड चालूनही चाळीस तासांच्या वर लागणार. त्यापेक्षा एसटी लवकर पोचते! कारखान्याला मास्टर लागायचा तो डीएलटी नावाच्या टेपवर. जाडसर चौकोनी डबी, आत चुंबकीय फीत. त्यासोबत डिस्कचं वर्णन करणाऱ्या छोट्या फाइली असत: पदर किती, कुठं तुटतो, आकार किती, संरक्षण घालायचं की नाही. दोनपदरी डिस्क असेल तर दोन टेपा, पदराला एक. डीएलटीचं यंत्र घरी घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून हार्ड डिस्क घेऊन म्हसळा, माणगावमार्गे मुंबई गाठायची आणि तिथं टेप काढायची. हार्ड डिस्क एकटीने कधी प्रवास करायची नाही. तिची जुळी घरी कपाटात असायचीच.

पुढं एकपदरी कामासाठी कारखाने साधी डीव्हीडी-आर सुद्धा मास्टर म्हणून घ्यायला लागले. सोय झाली, पण शिस्त वाढली. प्रत सावकाश लिहायची, एका दमात लिहायची, शेवट बंद करायची, तिच्यावर कागद चिकटवायचा नाही, पेनने नाव लिहायचं नाही. कारखान्यात ती आधी यंत्रावर तपासतात. प्रत्येक डिस्कमध्ये वाचनाच्या बारीकसारीक चुका असतातच, प्लेअर त्या स्वतः दुरुस्त करून घेतो. पण माहितीच्या आठ गठ्ठ्यांमागे २८० पेक्षा जास्त झाल्या तर ती प्रत मास्टर म्हणून चालत नाही, परत येते. अशा परत आलेल्या प्रती मी बऱ्याच पाहिल्या होत्या. एका निर्मात्याने तर दुकानातून मारून आणलेली, वर फुलाफुलांचा कागद चिकटवलेली डिस्क पाठवून दिली होती.

शेवटी कारखान्याकडून चेक डिस्क यायची. ती पाहून मंजुरीच्या कागदावर सही करायची. सेन्सॉर प्रमाणपत्र सुरुवातीला आहे ना, वेष्टणावर कॉपीराइट कायद्याने सांगितलेली मालकाची आणि निर्मात्याची नावं-पत्ते आहेत ना, वेष्टणावर छापलेला वेळ आणि डिस्कवरचा वेळ जुळतो ना. सही केली की काम आपलं राहत नाही. आज सगळं काही नंतर बदलता येतं, त्यामुळे त्या सहीचं वजन समजावून सांगणं कठीण आहे. सही करताना हात जड व्हायचा, आणि म्हणूनच त्याआधी डोळे उघडे राहायचे.

या कामातली एक डिस्क मात्र कुणा निर्मात्याची नव्हती, गावाची होती. गावातल्या काही जणांनी पैसे घालून दिवेआगरवर एक माहितीपट करायचं ठरवलं, पर्यटकांना विकायला. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इथल्या एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला, तेव्हापासून गावाची वर्दळ वाढत गेली होती. रूपनारायणाची मूर्ती, उत्तरेश्वराचं देऊळ, सुरूची बनं, समुद्र, आणि आमच्या वाडीतली पोफळीची रांग, असं सगळं आम्ही २००९च्या डिसेंबरात टिपलं. मुखवट्याच्या जवळच्या दृश्याला मी सढळ हाताने बिट दिले. सोनं चमकतं, आणि चमक कसर सहन करत नाही.

मास्टर तयार झाला तेव्हा अण्णा म्हणाले, "यात साल कुठंय?"

मी म्हटलं, "अण्णा, साल घातलं की डिस्क जुनी दिसते. विकणारे नको म्हणतात."

अण्णा वाडीची वही ठेवायचे. कोणत्या पोफळीला किती माल आला, कोणत्या वर्षी किती पाऊस, सगळं त्यात. ते म्हणाले, "साल नसलेली नोंद म्हणजे गप्पा. विकायच्या असतील तर गप्पा विका."

मी 'चित्रीकरण : डिसेंबर २००९' ही ओळ पहिल्याच पडद्यावर घातली. विकणारे कुरकुरले. डिस्क छापून आल्या.

२४ मार्च २०१२ रोजी गणपतीच्या मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा खून झाला, मुखवटा गेला, आणि चोरांनी तो वितळवला. आमच्या डिस्कवरचं निवेदन मात्र सांगतच राहिलं की मंदिरात रोज मुखवट्याचं दर्शन होतं. काही जण म्हणाले, उरलेल्या प्रती बाजूला काढा, नवी आवृत्ती करा, ते वाक्य काढून टाका. मी विरोध केला. ते वाक्य खोटं नव्हतं. पहिल्या पडद्यावर लिहिलेल्या महिन्यात ते खरं होतं. ज्यांनी मुखवटा पाहिला होता ते ती डिस्क मागायला येत, आणि ज्यांनी पाहिला नव्हता तेही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तीच डिस्क वाडीसाठी पाहिली जाऊ लागली. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. नवं रोप लावून फळ धरायला वर्षं जातात. आमच्या वाडीत रांग कशी होती, कोणतं झाड कुठं होतं, हे अण्णांच्या वहीत होतं आणि त्या डिस्कवर होतं. २०२१च्या नोव्हेंबरात गणपतीचा नवा मुखवटा बसला. तोही टिपून ठेवला आहे, वेगळा, त्याच्या तारखेसह.

याच गावात सापडलेला शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. त्यातला व्यवहार केव्हाच संपला, त्यातली माणसं गेली, त्या वेळचं गावही गेलं. पण तांब्यावरचं अक्षर कुणी 'अद्ययावत' केलं नाही, म्हणून आज अभ्यासक त्याच्यावर विसंबू शकतात. ज्याने ते कोरलं त्यालाही छिन्नी उचलण्याआधी मजकूर पक्का करून घ्यावा लागला असेल. आणि शक घालायला तो विसरला नाही.

आता डीव्हीडीचं काम राहिलेलं नाही. स्वस्त डेटा आला, ऑथरिंगची सॉफ्टवेअरं कंपन्यांनीच बंद केली, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटही नसते. मी आता लोकांच्या जुन्या टेपा आणि डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून देते. घरातली डिस्क कुणी आणली की आधी उलटी करून पाहते. खालचा भाग जांभळट असेल तर ती मारलेली कॉपी. खाऱ्या हवेत तिचा रंग उडालेला असतो, आणि लग्नाची अर्धी पंगत वाचता येत नाही. चंदेरी असेल तर छापील. आतल्या कड्यावर साच्याचा बारीक क्रमांक असतो. ती बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात वाचली जाते.

गावातली मुलं हल्ली घरगुती निवासाचे, वाडीचे, समुद्राचे सुंदर व्हिडिओ करतात. टाकतात, आवडलं नाही तर काढतात, संगीत बदलून पुन्हा टाकतात. त्यात वाईट काही नाही. मला ही सोय मिळाली असती तर मीही घेतली असती. मात्र शिकायला येतात तेव्हा मी त्यांना एक गोष्ट करायला लावते. वर्षातून एकदा एक प्रत अशी काढायची की तिला नंतर हात लावायचा नाही. आधी ती परक्याच्या यंत्रावर, परक्याच्या हातात देऊन तपासायची. तिच्यावर चित्रीकरणाचा महिना आणि साल घालायचं. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची.

"पण ताई, पुढच्या वर्षी सगळं बदललं तर?" असं कुणीतरी विचारतंच.

बदललं तर नवी काढा, नवं साल घाला. जुनी खोडू नका.